परदेशी निघण्याआधी ब्लॉक मागून घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्यविषयक पानावर परदेशात जाऊन उपचार घेण्याबद्दल अधूनमधून मजकूर येतो. रुग्णालय कसे निवडावे, व्हिसासाठी कोणती कागदपत्रे लागतात, सोबत कोणी जावे, हे त्यात सविस्तर असते. त्वचेच्या कर्करोगापुरते बोलायचे तर या सगळ्याच्या आधी विचारायचा एक प्रश्न मात्र मला त्यात कधी वाचायला मिळाला नाही: रुग्णाच्या शरीरातून काढलेला नमुना आज कुठे आहे आणि तो कोणाकोणाच्या नजरेखालून गेला आहे? आमच्या घराने हा प्रश्न फार उशिरा विचारला, म्हणून हे पत्र.

माझ्या थोरल्या भावाच्या डाव्या टाचेवर एक काळसर डाग होता. आम्ही सगळे त्याला कुरूप म्हणत होतो आणि दादाही तेच समजून चालत होता. एका दवाखान्यात तो डाग जाळून काढण्यात आला. तपासणीला काहीच पाठवले गेले नाही, कारण पाठवण्यासारखे काही उरलेच नव्हते. आठ महिन्यांनी त्याच जागी डाग पुन्हा दिसू लागला, त्याची एक कडा शाई फुटावी तशी बाहेर पसरली, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी बायोप्सी केली आणि मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, हा शब्द घरात आला. तळहात, तळपाय आणि नखांखाली होणारा मेलानोमा उन्हामुळे होत नाही. गडद वर्णाच्या माणसांना मेलानोमा होतो तेव्हा तो बहुधा याच जागी होतो, आणि तिथे कोणी बघत नाही. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच आजार सुरू झाला होता. १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

घाबरलेल्या घराचा निर्णय जसा होतो तसाच आमचाही झाला. जे सर्वांत चांगले असेल तिथे जायचे, आणि ताबडतोब जायचे. ज्या देशांत हा आजार फार आढळतो तिथल्या डॉक्टरांचा हातही त्यावर बसलेला असतो, हा आमचा विचार चुकीचा नव्हता. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत मेलानोमाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे आणि तिथे या एकाच आजाराला वाहिलेले तज्ज्ञ आहेत. परंतु आम्ही ज्या परदेशी रुग्णालयात पोहोचलो तिथल्या डॉक्टरांनी दादाचा पाय नीट पाहिला, वहिनी फोनमधले रिपोर्टचे फोटो दाखवू लागली तेव्हा तिला शांतपणे थांबवले आणि विचारले, ‘ब्लॉक कुठे आहे?’ आम्हा तिघांपैकी एकालाही ब्लॉक म्हणजे काय ते ठाऊक नव्हते.

बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून जपला जातो. त्या मेणाच्या लहानशा वडीला ब्लॉक म्हणतात. तिचेच पातळ काप काचपट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आमचा ब्लॉक घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, प्रयोगशाळेच्या कपाटात पडून होता. तो कुरिअरने मागवून तपासून होईपर्यंत अकरा दिवस गेले, आणि ते अकरा दिवस दादा परक्या शहरातल्या भाड्याच्या खोलीत खिडकीपाशी पाय उशीवर ठेवून बसून राहिला.

डॉक्टर अडून बसले नव्हते, हे आम्हाला नंतर उमगले. मेलानोमाचे उपचार प्रामुख्याने तो त्वचेत किती खोल गेला आहे यावर ठरतात. ही खोली मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये मांडली आणि आजही तिच्यावाचून पान हलत नाही. खोली १ मिलिमीटरपर्यंत असेल तर डागाभोवतीची साधारण १ सेंटिमीटर निरोगी त्वचा काढतात, २ मिलिमीटरच्या पुढे असेल तर २ सेंटिमीटर. टाचेवर या एका सेंटिमीटरचा अर्थ काय होतो, हे चालणाऱ्या माणसाला सांगायला नको. पृष्ठभागावर व्रण आहे की नाही, कडा मोकळ्या आहेत की नाहीत, हेही त्याच कापांवर दिसते. पुढे गोळ्यांचे उपचार लागू पडतील का हे सांगणारी बीआरएएफ जनुकाची तपासणीसुद्धा त्याच वडीतून होते. दादाच्या पहिल्या रिपोर्टमध्ये आजाराचे नाव होते, खोली लिहिलेलीच नव्हती. म्हणून मोठी कर्करोग रुग्णालये बाहेरून आलेल्या रिपोर्टवर न थांबता स्लाइड सहसा आपल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घेतात, आणि कित्येकदा या फेरतपासणीतच निदान किंवा टप्पा बदलतो.

जी गोष्ट मेणाच्या वडीला करता येते ती आजारी माणसाला आधी का करायला लावायची, असे मला तेव्हापासून वाटते. ब्लॉक आणि स्लाइड नीट बांधून, उन्हाच्या तापापासून जपून जगात कुठेही पाठवता येतात आणि तज्ज्ञाचे मत घरबसल्या मिळू शकते. त्या मतात बऱ्याचदा असेही येते की, सुचवलेले उपचार योग्य आहेत, आहात तिथेच करून घ्या. आमचे तसेच झाले. आमच्या इथल्या शल्यचिकित्सकांनी रुंद कड घेऊन शस्त्रक्रिया आणि त्याच वेळी जांघेतल्या पहिल्या लिम्फ नोडची, म्हणजे टाचेकडची लसिका जिथे आधी पोहोचते त्या गाठीची, तपासणी सुचवली होती. परदेशातही नेमके तेच सांगितले गेले आणि आम्ही ते परदेशातच करून घेतले. या दोन गोष्टी एकत्रच व्हाव्यात, ही बाब महत्त्वाची आहे. आधी घाईने इथे रुंद शस्त्रक्रिया उरकली आणि नोडची तपासणी तिथे जाऊन करू म्हटले, तर लसिकेच्या वाटा बदललेल्या असतात आणि नेमका नोड सापडणे अवघड होते. शस्त्रक्रियेनंतर टाचेवर त्वचेचे रोपण झालेला माणूस विमानात तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसतो, तेव्हा पायाला सूज येण्याचा आणि शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो, आणि परतीचे तिकीट आम्ही निघण्याआधीच काढून ठेवलेले होते.

प्रवास कधीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. त्वचेचा सर्वाधिक आढळणारा कर्करोग, बेसल सेल कार्सिनोमा, क्वचितच दूरवर पसरतो आणि बहुतेक वेळा जवळच्या चांगल्या शल्यचिकित्सकाकडे निभतो. मात्र तो पापणीवर किंवा नाकपुडीच्या कडेला असेल, तर थर काढत आणि प्रत्येक थर तिथल्या तिथे तपासत जाणारी मोस शस्त्रक्रिया जिथे होते तिथवर जाणे सार्थकी लागते. पसरलेल्या मेलानोमासाठी रुग्णाच्याच गाठीतल्या प्रतिकारपेशी काढून, वाढवून परत देण्याच्या उपचाराला अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली, आणि तो मोजक्याच केंद्रांत होतो. अशा कारणासाठी जरूर जावे. चाचणीतल्या नव्या औषधासाठी जाणाऱ्याने मात्र निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे, कारण आधी घेतलेल्या एखाद्या औषधामुळेही चाचणीतला प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

आता परतीबद्दल, ज्याचा विचार आम्ही मुळीच केला नव्हता. २०११ पासून मेलानोमासाठी आलेल्या इम्युनोथेरपीच्या औषधांनी या आजाराचे चित्रच पालटले; त्यामागच्या संशोधनाला २०१८ चे नोबेल मिळाले. पण ही औषधे एका फेरीत संपत नाहीत. दादाला शस्त्रक्रियेनंतर वर्षभर दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध घ्यायचे होते आणि ते अर्थातच घरी परतून घ्यावे लागले. तिसऱ्या डोसनंतर त्याला जुलाब सुरू झाले. जवळच्या डॉक्टरांनी पोटाचा संसर्ग समजून औषध दिले, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. ही औषधे शरीराच्या प्रतिकारशक्तीचा लगाम सोडतात आणि मग ती आतडे, यकृत, फुप्फुस, थायरॉइड यांवरही उलटू शकते, कधी औषध थांबल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. अशा वेळी वेळेवर स्टेरॉइड सुरू करावे लागते. वहिनीच्या पर्समध्ये परदेशी डॉक्टरांनी निघताना दिलेले एक कार्ड होते. त्यावर औषधाचे नाव, हे सर्व धोके आणि त्यांच्याशी थेट बोलण्याचा क्रमांक होता. ते कार्ड तिने तिसऱ्या दिवशी रात्री आठवणीने काढले आणि डॉक्टरांपुढे ठेवले. त्या प्रवासातून आम्ही आणलेली सर्वांत मोलाची वस्तू ते कार्ड होते, असे मी आजही म्हणते.

आपल्या पानावर यापुढे परदेशी उपचारांची माहिती द्याल तेव्हा तीन ओळी अवश्य छापाव्यात, ही विनंती. काढलेला प्रत्येक डाग, मग तो कितीही किरकोळ वाटो, तपासणीला पाठवायला सांगा. ब्लॉक आणि स्लाइड प्रयोगशाळेकडून रीतसर मागून घ्या. आणि परत आल्यावर औषध कोण देणार, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा, हे तिकीट काढण्यापूर्वी दोन्हीकडच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्रयोगशाळांनीही रिपोर्टसोबत ‘आपला ब्लॉक आमच्याकडे इतकी वर्षे जपलेला राहील आणि मागितल्यास मिळेल’ एवढे एक वाक्य छापले, तर आमच्यासारख्यांचे अकरा दिवस वाचतील.

दादाची तपासणी आता दर सहा महिन्यांनी होते. टाचेकडे पाहायला तो आरसा जमिनीवर ठेवतो आणि आम्हीही सगळे तसेच पाहतो.

आपली नम्र,
एक वाचक