पाणी तपासणीचे आकडे लोकांपासून लपवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
शहर पाणीपुरवठ्याची कंत्राटदार कंपनी

विषय : पाण्याचे तपासणी अहवाल व गळतीचे आकडे जाहीर करण्याबाबत
(ग्राहक क्रमांक सोबतच्या बिलाच्या प्रतीवर आहे.)

महोदय,

पावसाळा लागल्यापासून आमच्या गल्लीत सकाळचे पहिले पाणी चहाच्या रंगाचे येते. फोन केल्यावर तुमचा माणूस आला, लाइन वॉशआउट करून, म्हणजे पाणी सोडून पाइप धुऊन गेला. त्याबद्दल काही म्हणणे नाही. मी मागितला होता तो त्या आठवड्याचा तपासणी अहवाल. त्यावर तुमच्या कार्यालयाचे उत्तर : आम्ही खासगी कंपनी, माहितीचा अधिकार आम्हाला लागू नाही.

कंपनी खासगी असेल, पाणी महापालिकेचे आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम २(च) पाहा. खासगी संस्थेची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाला (इथे महापालिकेला) अन्य कायद्याने मिळवता येते, तीही त्यात 'माहिती' धरली आहे. शिवाय कलम ४(१)(ख) चे १७ मुद्दे महापालिकेने कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायचे आणि दरवर्षी अद्ययावत करायचे असतात. तिच्या संकेतस्थळावर 'माहितीचा अधिकार' असे पान आहे खरे. त्यावर एक तिरकी स्कॅन केलेली फाइल आहे आणि जन माहिती अधिकारी म्हणून ज्यांचे नाव आहे ते केव्हाच निवृत्त झालेत!

तुमच्या झोन कार्यालयात काचेच्या फलकात एक अहवाल लावलेला असतो. तो मी नीट वाचला. गढूळपणा : योग्य. क्लोरीन : योग्य. जिवाणू : योग्य. आकडा एकही नाही, नमुना कुठल्या नळावरून घेतला तेही नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचे एकक) आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत सवलत आहे. मग आमचे 'योग्य' १ च्या आतले की ४.८ चे? उर्वरित क्लोरीन, म्हणजे पाण्यात शेवटी शिल्लक राहणारे क्लोरीन, किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवे. ते जलकुंभापाशी मोजले तर बहुधा भरणारच. आमचे घर लाइनच्या शेवटच्या टोकाला आहे, तिथे मोजता का?

गळतीचेही तेच. केंद्राच्या सेवा मानकांनुसार गळती वगैरेमुळे बिलात न येणारे पाणी २० टक्क्यांच्या आत हवे. आपल्या शहरात किती, हे विचारले की 'व्यावसायिक गोपनीयता'. पाणीपट्टी वाढवताना मात्र हीच गळती कारण म्हणून पुढे केली जाते. जो आकडा दर वाढवायला चालतो तो दाखवायला का चालत नाही?

तरी दर आठवड्याचा अहवाल आकड्यांसह, नमुन्याचे ठिकाण व तारीख घालून, फलकावर आणि संकेतस्थळावर लावावा. गळतीचा आकडा झोननिहाय द्यावा. फलकाची काच पुसली तर आणखी बरे.

पंधरा दिवसांत हे झाले नाही तर महापालिकेकडे दहा रुपये भरून रीतसर अर्ज करीन आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील. त्या अर्जात नुसता अहवाल नव्हे, तुमच्या कंत्राटाची अख्खी प्रत मागणार आहे.

आपला,
एक नियमित पाणीपट्टी भरणारा ग्राहक