चिंता आणि पोट

संपादक साहेब, नमस्कार,

चिनी वैद्यकाचं नाव काढलं की आपल्याकडे सुया नाहीतर वजन कमी करायचा चहा एवढंच आठवतं लोकांना, पण त्यांचा पोटाचा विचार वाचण्यासारखा आहे राव. त्यांच्यात पचन सांभाळते प्लीहा (आपण शाळेत शिकलो तो अवयव नाही हं, ते कामाचं नाव समजा) आणि अति विचार, चिंता हिलाच बाधते, राग यकृताचा, आणि यकृत तापलं की ते पोटावरच उलटतं, म्हणून भांडून जेवायला बसलं की पोट फुगतं असं त्यांचं म्हणणं.

ली दोंगयुआन नावाचा वैद्य होता, त्याने १२३२ मध्ये मंगोलांनी चीनमधल्या कायफंग शहराला वेढा घातला तेव्हा आत अडकलेली माणसं बघितली, वेढा उठल्यावर धडाधड मरत होती, बाकीचे म्हणाले बाहेरून आलेला रोग आहे, तर हा म्हणाला नाही, उपासमार, दगदग आणि भीतीने यांचं पोटच खचलंय, सारक औषधं कसली देताय! शक्ती वाढवणारी दिली पाहिजेत, अ‍ॅस्ट्रॅगॅलस, जिन्सेंग वगैरे औषधी मुळ्या. आपल्या आयुर्वेदातला अग्निमांद्याचा (पचनशक्ती मंदावण्याचा) विचार काही फार लांब नाही यापासून.

महाराष्ट्रात २०१५ चा अ‍ॅक्युपंक्चर कायदा आहे, तेव्हा सुया टोचणाऱ्याचं रजिस्ट्रेशन आधी बघा, आणि शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उगाच उतरत असेल तर सरळ डॉक्टरच गाठा.

- एक वाचक, पुणे