ताई, तुमच्या फसलेल्या लडींच्या वहीसाठी

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण समोर बसून आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तुम्ही निसटलात. पहिल्यांदा म्हणालात, "आधी ती टकळी खाली ठेव, पीळ सुटतोय." दुसऱ्यांदा चष्मा शोधायला आत गेलात. चष्मा कपाळावर होता. पत्रातून काही तुम्हाला उठून जाता येणार नाही.

तुमच्याकडे लोकरीचं काम शिकायला आले तेव्हा मी स्वतःला जाणकार समजत होते. दहा-बारा वर्षं विणत होते. सुलट, उलट, वेण्या, दोन रंगांची नक्षी, सगळं यायचं. पण लोकर म्हणजे गुंडा, एवढीच माझी समज. गुंडा होण्याआधी तिचं काय काय होतं याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. तुम्ही पहिल्याच दिवशी एक पोतं माझ्यासमोर उपडं केलंत. मेंढीच्या अंगावरून उतरलेली, न धुतलेली लोकर. काड्या, माती, वाळलेला घाम आणि तो वास. "आधी ही धू," म्हणालात आणि तुमच्या कामाला लागलात.

मी धुतली, म्हणजे मला तसं वाटलं. कढत पाणी, साबण, लोकर अलगद बुडवून ठेवायची, ढवळायची नाही, इतपत तुम्ही सांगितलं होतं. मध्येच फोन आला, मी बोलत बसले, पाणी कोमट झालं. वाळल्यावर लोकर पांढरी दिसत होती म्हणून मी खूश. दोन दिवसांनी पिंजायला घेतली तर बोटांना चिकटायला लागली, जणू कोणी पातळ मेण फासलंय. तुम्ही काही बोलला नाहीत. फडताळातून ती वही काढलीत आणि एक पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलंत.

पानाला भोक पाडून त्यात लोकरीचा एक पुंजका बांधलेला होता. हात लावला, तर तोच चिकटपणा. खाली पेन्सिलने, तुमच्या त्या उजवीकडे कलणाऱ्या अक्षरात लिहिलेलं: "पाणी ६५ अंशाला सुरू. गप्पांत वेळ गेला. ३५ ला बाहेर काढली. चरबी परत बसली."

लोकरीतली चरबी, म्हणजे लॅनोलिन, चाळीस अंशांच्या आसपास वितळते. पाणी त्याच्या बरंच वर असताना लोकर बाहेर काढली नाही, तर सुटलेली चरबी पुन्हा तंतूंवर येऊन बसते. हे मला कोणत्याही पुस्तकात वाचता आलं असतं. पण वाचून मी विसरलेही असते. तुमच्यासारख्या बाईनेही गप्पा मारता मारता लोकर वाया घालवली होती आणि त्याची तापमानासकट नोंद ठेवली होती, हे मात्र विसरणं शक्य नव्हतं.

त्या वहीबद्दल आभार मानायचेत, ताई. बाकी सगळ्याबद्दल आहेतच, पण मुख्य त्या वहीबद्दल.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ती वही आता मिटत नाही. प्रत्येक पानावर एक छोटी लड किंवा विणलेला तुकडा बांधलेला असल्यामुळे ती फुगून उशीएवढी झालीय आणि जाड रबराने बांधून ठेवावी लागते. आणि तिच्यात एकही जमलेली गोष्ट नाही. मी एकदा विचारलं होतं, चांगले नमुने कुठे आहेत? तुम्ही म्हणालात, "ते लोकांच्या अंगावर आहेत." आणि हसलात.

कताईची पानं त्या वहीत सर्वांत जास्त. मला त्यांचा सर्वांत जास्त उपयोग झाला, कारण कातताना माझे हात ऐकायचेच नाहीत. पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या लोकरीच्या वळकटीतून, तंतू ओढायचे, विरळ करायचे, मग पीळ आत सोडायचा. ऐकायला किती सोपं! माझा धागा कुठे दोरखंड, कुठे केस. जाड जागा पिंजलेली तशीच राहायची आणि बारीक जागा पीळ खाऊन खाऊन तटकन तुटायची. मला वाटायचं, टकळीत दोष आहे. तुम्ही एका पानावरचा तसाच गाठाळ धागा दाखवून म्हणालात, "पीळ आळशी असतो. जिथे वाट सोपी तिथे पळतो." बारीक जागा पिळायला सोपी, म्हणून पीळ तिथे गोळा होतो आणि जाड जागेला काही मिळत नाही. हे एकदा कळल्यावर मी टकळीकडे बघणं सोडून दोन चिमटींमधल्या त्या दोन-तीन इंच लोकरीकडे बघायला लागले. जाड जागा आली की हात थांबायचे, पीळ थोडा उलटा सोडायचा, तंतू सरकवायचे, पुन्हा पुढे. एका महिन्याने धागा धाग्यासारखा दिसायला लागला.

मग आला तो स्वेटर. आठवला ना? एकपदरी धाग्याचा. मला दोन पदर एकत्र पिळायचा कंटाळा होता. एवढं कातायचं आणि मग लांबी निम्मी करून टाकायची, हे मला पटतच नव्हतं. शिवाय मी हुशारी केली होती. धुतलेल्या लडीला खाली वजन टांगून वाळवलं होतं, त्यामुळे वाळल्यावर ती अगदी शहाण्या बाळासारखी सरळ लोंबत होती. त्या धाग्याने मी सगळा स्वेटर सुलट विणला. अंगात घातला, बराही दिसला. पहिल्यांदा धुतला आणि पसरला, तर चौकोनाचा तिरपा पतंग झालेला. एक बाजू मांडीवर, दुसरी कमरेवर.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ नुसता ओला झाला होता. वजन टांगून पीळ जात नाही, दबून राहतो. पाणी लागलं की उठतो आणि प्रत्येक टाक्याला एकाच दिशेने थोडं थोडं ढकलतो. हजारो टाक्यांचं ते थोडं थोडं मिळून स्वेटर तिरका होतो. दोन पदर उलट्या दिशेने एकत्र पिळले, तर एकाची ओढ दुसऱ्याची ओढ फेडते आणि धागा शांत होतो. म्हणून दुपदरी.

तुम्ही तो स्वेटर बघून वहीतलं पान शोधायला गेलात आणि मी मनात म्हटलं, आता हिच्याकडे हेही असणार. होतंच. एक मफलर होता, पार गोल फिरलेला. खाली लिहिलं होतं: "आळस."

त्या एका शब्दावर आपण किती हसलो होतो.

रंगाच्या बाबतीत मात्र तुमचं-माझं सूत पूर्ण जुळलं नाही, हेही लिहून टाकते. तुम्ही वनस्पतींच्या बाजूच्या, मी दोन्ही डगरींवर पाय ठेवणारी. व्हिनेगर घालून आम्लरंगात लोकर उकळत ठेवली की रंग सगळा लोकरीत जातो आणि भांड्यात नुसतं नितळ पाणी उरतं, ते बघायला मला अजूनही जादू वाटते. तुम्हाला ते "पुडीतलं" वाटतं. मी तुम्हाला विल्यम पर्किनची गोष्ट सांगितली होती. १८५६ साली अठरा वर्षांचा मुलगा क्विनाइन हे हिवतापावरचं औषध बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बघ, त्यानेही फसलेलं फेकून दिलं नाही." वाद तुम्हीच जिंकलात, तोही माझ्याच गोष्टीने.

पण मंजिष्ठेपुढे, त्या लाल रंग देणाऱ्या मुळीपुढे, मी मान तुकवली. रंग लोकरीला धरून ठेवणाऱ्या तुरटीचं प्रमाण तुम्ही माझ्याकडून घोटून घेतलंत. कोरड्या लोकरीच्या वजनाच्या १२ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम लोकरीला १२ ग्रॅम. "अंदाजे चिमूटभर" म्हटलं की तुम्ही काटा पुढे सरकवायच्यात. आणि मंजिष्ठेचं भांडं सत्तर अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण मग लाल मागे पडतो आणि तपकिरी पुढे येतो. तुमच्या वहीत ओळीने पाच लडी आहेत, विटेपासून चामड्याच्या रंगापर्यंत, प्रत्येकीखाली वेगळं तापमान. त्या पाच लडींमुळे माझी पहिली मंजिष्ठा लाल आली. माझ्या वाटच्या पाच चुका तुम्ही आधीच करून ठेवल्या होत्या.

हिराकसाचं, म्हणजे लोखंडाच्या क्षाराचं, पानही तसंच. लोखंडाने रंग गडद, गंभीर होतो म्हणून हात सैल सोडला, तर लोकर खरखरीत होते. दोन टक्क्यांवर मी अजून गेलेली नाही. हळदीबद्दल तुम्ही फक्त अर्ध्यावर पुठ्ठा लावून खिडकीत ठेवलेली लड दाखवलीत. झाकलेला भाग झळझळीत, उघडा भाग जुन्या कागदासारखा.

आता फेल्टिंग, म्हणजे न कातता, न विणता लोकर घासून तिचा घट्ट नमदा करणं. इथे थोडी तक्रार आहे.

फेल्ट म्हणजे लहान मुलांची खेळणी आणि चपलांचे तळ, असं मी एकदा बोलून गेले. तुम्ही मला हर्मिटेज संग्रहालयातल्या हंसांचं चित्र दाखवलंत. अल्ताय पर्वतातल्या पाझिरिकच्या थडग्यात, बर्फात गोठून दोन हजारांहून जास्त वर्षं टिकलेले फेल्टचे हंस. माना कशा वळल्यात! विणकामाला जो टाका लागतो, मागाला जे ताणे-बाणे लागतात, त्यातलं फेल्ट बनवायला काहीच लागत नाही. नुसती लोकर, पाणी आणि हात. (बर्फामुळे त्यांना कसर, म्हणजे लोकर खाणारी कीडही लागली नाही. माझी एक शाल कसरीने चाळणी केली, तेव्हापासून मीही नवी लोकर आणली की आधी पिशवीत बांधून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवते. घरचे वैतागतात.)

हंस बघून मी पेटले. मऊ पांढरी मेरिनो मेंढीची लोकर आणली, थर आडवे-उभे रचले, गरम साबणाचं पाणी शिंपडलं आणि लाटायला सुरुवात केली. एक तास गेला. दीड तास. दोन तास. फेस झाला, माझे हात सुरकुतले, पण लोकर होती तशीच. चिमटीत धरून उचलली की तंतू आपले सुटे. तुम्ही पलीकडे बसून विणत होतात. शेवटी मी रडकुंडीला आले, तेव्हा तुम्ही पिशवीवरची चिठ्ठी माझ्यापुढे धरलीत. बारीक अक्षरात लिहिलं होतं, सुपरवॉश.

लोकरीच्या तंतूवर खवले असतात, सगळ्यांची तोंडं टोकाकडे. ओल, ऊब आणि घासणं मिळालं की तंतू एका दिशेला सरकतात, पण मागे येता येत नाही, म्हणून ते एकमेकांत अडकत जातात. सगळं फेल्टिंग त्या खवल्यांवर चालतं. आणि मशीनमध्ये धुता यावी म्हणून सुपरवॉश लोकरीचे खवले क्लोरीनच्या प्रक्रियेने झिजवलेले किंवा वरून राळेचा पातळ लेप देऊन बुजवलेले असतात. मी दोन तास जी गोष्ट होण्याची वाट बघत होते, ती होऊच नये म्हणून कारखान्यात खास मेहनत घेतली होती.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्या दहा मिनिटांत."

त्या दिवशी मला तुमचा खरंच राग आला होता. थोडा अजून आहे. दहाव्या मिनिटाला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? पण मग तुम्ही फडताळाकडे गेलात, वही आणलीत, आणि या वेळी एक कोरं पान उघडलंत. हे तुमच्याकडून कधी फसलं नव्हतं. पेन्सिल माझ्या हातात दिलीत. मी रागारागात लिहिलं: "मेरिनो, सुपरवॉश. २ तास. काही नाही. चिठ्ठी वाचली नाही." तो ओला पुंजका मी स्वतः पानाला बांधला. तुमच्या वहीत माझं अक्षर आलं, आणि घरी जाताना राग कुठे गेला ते कळलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आता मी सुईनेही फेल्ट करते, पाण्यानेही. मोठे तुकडे करायला लागले तेव्हा किती आकसणार याचा अंदाज चुकायचा. आता आधी छोटा चौकोन करून मोजते, मगच साचा कापते. स्वतः कातलेला, स्वतः रंगवलेला धागा फेल्टच्या अंगात रुजवते, तेव्हा कोणता पदर कुठून आला ते मला पाठ असतं. लोक विचारतात, हे कुठे शिकलात. मी तुमचं नाव सांगत नाही, कारण तुम्ही बजावलंय. वहीबद्दल सांगते. त्यांचा विश्वास बसत नाही की कोणी आपल्या चुका इतक्या टापटिपीने बांधून ठेवतं आणि कालच आलेल्या पोरीच्या मांडीवर ठेवतं.

माझीही एक वही झालीय. अजून मिटते.

या पत्राची कागदावरची प्रत टपालाने वेगळी पाठवतेय. तिच्यासोबत एक निळी लड आहे, ती तुमच्या वहीसाठी. मागच्या महिन्यात निळीचं भांडं लावलं होतं. पातळ द्रावणात सहा-सात वेळा बुडवायचं, प्रत्येक वेळी बाहेर काढून हवा लागू द्यायची, हिरव्याचा निळा होऊ द्यायचा, हे मला माहीत होतं. तरी घाई केली. दाट द्रावण केलं, एकदाच बुडवली. रंग बघाल तर थेट रात्रीच्या आभाळाचा, मी नाचलेच. पण तो सगळा वरवर बसलाय, आत शिरलाच नाही. विणायला घेतली तर सुया निळ्या, बोटं निळी, मांडीवरची चादर निळी. तीन वेळा धुतली, अजून सुटतोय.

लडीला चिठ्ठी बांधलीय, तीत सगळं लिहिलंय, तुम्ही लिहिता तसं. शेवटी कारणही दिलंय, मफलरच्या पानावरचाच शब्द. कागदावर जे निळे ठसे दिसतील ते माझ्या अंगठ्याचे आहेत, ते तसेच राहू द्या. आणि वहीचं रबर आता बदला, ते कधीही तुटेल.

तुमची,
सुपरवॉशवाली