४७ नंबरची पिशवी

प्रिय सुमे,

तुझ्या दिवाळीच्या कार्डाला उत्तर दिलं नाही, तुझी आई गेली तेव्हा फोनवर दोन मिनिटं बोलले आणि पुन्हा काही विचारलं नाही. सगळं माझ्या खाती लिहून ठेव. रागावून झालं असेल तर पुढं वाच. नसेल तरी वाच, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "हाडांचीच पिशवी ना? मग?" गुडघा आहे तसाच, साखर गोळीवर आहे.

४७ नंबर. आठवला?

आपल्या उत्खननावरची, मार्चमधली ती अवकाळी पावसाची रात्र. कनात उडाली, तुकाराममामा पीठ भिजू नये म्हणून डब्यावर बसून राहिले, आणि आपण दोघी एका टॉर्चवर हाडांच्या पिशव्या मांडवाखाली ओढत होतो. दोन पिशव्यांच्या चिठ्ठ्यांची शाई पार उतरली होती. नंबर दिसत होते, थर नाही. एक तिसऱ्या थरातली, एक सहाव्या. कुठली कुठली, यावर रात्री दोनपर्यंत कुजबुजत भांडलो. मग तू नव्या चिठ्ठ्या लिहिल्यास, कारण तुझं अक्षर चांगलं. सकाळी सरांना सांगायचं ठरलं होतं. सकाळी सर तालुक्याला गेले, संध्याकाळी आपण विसरलो. विसरलो कसल्या, तोंड शिवलं.

मागच्या आठवड्यात एका मुलीचा फोन आला. पीएचडी करतेय, आपल्या पांढरीवरची, म्हणजे त्या जुन्या वस्तीच्या टेकाडावरची, हाडं पेटीतून काढून पुन्हा बघतेय. फार अदबीनं विचारलं, "मॅडम, तिसऱ्या थरात काळवीट आणि चिंकारा एकदम वाढतात. दुष्काळ पडला, शेती पिकेना, म्हणून लोक शिकारीकडं वळले, असं मांडू का? पण ही वाढ जवळजवळ एकाच पिशवीतली आहे." मी म्हटलं, बघते हं. फोन ठेवला आणि घाम फुटला.

सुमे, मला हे बोचतंय की ती चिठ्ठी आपण हाडं बघून लिहिलीच नव्हती. इनामगावच्या नावानं लिहिली! घोडनदीकाठच्या त्या प्राचीन शेतकरी वस्तीचं १९६८ ते १९८३ पर्यंतचं उत्खनन, ढवळीकर, सांकळिया, अन्सारी यांचा १९८८ चा अहवाल. ग्रंथालयात तो खंड मांडीवर घेऊन आपण चहा सांडला होता (तू सांडलास). त्यात मांडलंय की इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस कमी झाला, चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, गहू मागं पडला, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढली. आपल्या डोक्यात तेच भिनलेलं. म्हणून जिच्यात हरणं जास्त, ती वरच्या, म्हणजे नंतरच्या काळातल्या, तिसऱ्या थरातली. आणि आता तीच पिशवी पुरावा म्हणून उभी राहायची, की बघा, इथंही वरच्या थरात शिकार वाढली! चोरानंच पंचनामा करायचा आणि चोरानंच साक्ष द्यायची.

यात कोण जिंकलं होतं, तेही मला आठवत नाही. मला वाटतं तू. तू म्हणशील मी.

मुलगी हुशार आहे. म्हणाली, आधी ती हरणंच आहेत का ते बघतेय. काळवीट, चिंकारा, शेळी, मेंढी यांचे तुकडे सारख्याच मापाचे. शिंगाचा बुडखा किंवा खुरावरच्या लांब हाडाचं टोक मिळालं तर ठीक, नाहीतर नुसतं "लहान खुरवाला प्राणी" म्हणून सोडून द्यायचं. आपण तर बिनदिक्कत काळवीट लिहीत होतो. तिला काही हाडांवर दगडी पात्यांचे बारीक ओरखडे मिळालेत, काही ताजी असतानाच आतल्या मज्जेसाठी फोडलेली. म्हणजे खाल्ली माणसांनीच. पण कोणत्या शतकात, ते चिठ्ठीवर!

पुढं म्हणाली, पिशवीतल्या बैलाच्या दाढांचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, तपासायचंय. दाढ वाढते ती टोकाकडून मुळाकडं, आणि त्या काळात जनावर जे पाणी पितं त्यातला ऑक्सिजन एनॅमलमध्ये अडकून राहतो. आटत चाललेल्या डबक्यातल्या पाण्याचा वेगळा, पावसाच्या नव्या पाण्याचा वेगळा. टोकापासून मुळापर्यंत ओळीनं नमुने घेतले की एका जनावराच्या आयुष्यातले काही महिने वाचता येतात. कार्बनवरून उष्ण प्रदेशातलं गवत खाल्लं की झाडपाला, तेही कळतं. ऐकताना मी चक्क तिशीतली झाले गं! आणि लगेच वाटलं, मग थर कुठला ते यावरूनच ठरवू. कोरडी निघाली तर वरची. पण हा तर तोच गुन्हा, फक्त मशीन लावून. हवामानावरून थर ठरवला, तर त्या थरावरून हवामान काय सांगणार?

गुजरातमधल्या लांघणजचं आठवतं ना, सांकळियांना तिथं सापडलेलं गेंड्याच्या खांद्याचं हाड, ऐरणीसारखं वापरून खड्डे पडलेलं? गेंडा म्हणजे उंच गवत, दलदल, म्हणजे आजच्यापेक्षा ओला गुजरात. तू वर्गात उठून म्हणाली होतीस, "कुणी लांबून अवजार म्हणून आणलं असेल तर?" सगळे हसले होते. मीही. आता वाटतं, तूच त्यातल्या त्यात शहाणी होतीस. (हे पत्र जपून ठेवू नकोस.) खरं तर उंदीर-घुशींची बारीक हाडं जास्त बोलतात, त्यांना कुणी लांबून आणत नाही. पण आपली चाळण एवढाल्या भोकांची, सगळे उंदीर मातीबरोबर ओढ्यात.

एक आशा आहे. हाडं धुतली होती, पण दाढांच्या खाचांत माती राहते. तिसऱ्या थरात राख होती, सहाव्यात काळी चिकट माती. मुलीला विचारायचं झालं तर कारण सांगावं लागेल.

चिन्मयीचं ठरलं म्हणे? छान झालं. मुलगा काय करतो ते लिही. नव्या घरात पाणी येतं का?

आता काम. तुझी ती हिरव्या पुठ्ठ्याची डायरी. तू रोज रात्री लिहायचीस, मी चिडवायचे. त्या रात्रीच्या आदल्या दिवसाचं पान बघ, ४७ कुठून निघाली ते टिपलं असशील. मला कळलं आपण चुकलो, तरी चालेल. रविवारी मी तिला फोन करून सगळं सांगणार आहे, डायरी मिळो न मिळो. तुझं नाव घेऊ की नको, तेवढं त्याआधी कळव. नको म्हणालीस तर एकटीचं सांगेन, राग नाही.

तुझी,
कुंदा

ता.क. टॉर्च माझाच होता. सेल तुझे होते, हे मान्य.