नामेरिकावाच्या मावशी, बाबांना जेवू घातलंत!

नामेरिकावाच्या मावशी,

सप्रेम नमस्कार. ऑफिसातली माझी मैत्रीण हे पत्र जपानीत उतरवून तुमच्या नामेरिकावा गावातल्या, जपानच्या तोयामा किनाऱ्यावरच्या खाणावळीत पाठवणार आहे. मराठीतलं मात्र सगळ्यांसाठी ठेवतेय, कारण तुम्ही काय केलंत ते आपल्या माणसांनाही कळू दे.

आमचे बाबा हर्णैचे. उभा जन्म बंदरावर मासळीच्या बोल्या पुकारण्यात गेला. किडनी बदलल्यापासून डॉक्टरांनी कच्चं खाणं साफ बंद केलंय, आणि तोंडात कवळी. तरी जपानला यायचं ते समुद्र आणि मासळी बघायला, हा हट्ट. ज्या टूरवाल्यांबरोबर आले त्यांना पथ्याचं सगळं आधी लिहून दिलं होतं. त्यांनी त्यातून एवढाच अर्थ काढला की काकांना मासे नकोत. मग रोज रात्री इंडियन बुफे. दाल तडका, पनीर, जिरा राइस. "काका, इथे सगळं कच्चंच खातात, उगाच रिस्क नको," हे वर ऐकवायचं. ती काळजी नव्हती हो, कटकट नको होती. टूर संपवून नागोयाला माझ्याकडे आल्यावर बाबांचं पहिलं वाक्य, "चहूबाजूंनी समुद्र, आणि मला पनीरवर काढलं!" इथल्या एका हॉटेलात शिजवलेलं काय मिळेल विचारलं, तर वेटर मेनूकार्डावर बोट ठेवून गेला तो गेलाच.

तुमच्याकडे आलो ते ऐन एप्रिलात, होतारुइकाच्या हंगामात. आपल्या वाचकांसाठी सांगते, हे बोटभर माकूल, म्हणजे स्क्विड, अंधारात निळं चमकणारं. तोयामाच्या उपसागरात किनारा सोडून थोडं आत गेलं की तळ एकदम खाली जातो, मधे तर 1000 मीटरच्याही खाली. एरवी त्या खोल पाण्यात राहणाऱ्या माद्या मार्च ते मे या दिवसांत रात्री अंडी घालायला काठाशी येतात आणि तिथे बांधून ठेवलेल्या जाळ्यांत सापडतात. त्या जमतात तो समुद्रच 1952 साली जपान सरकारने विशेष नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर केला. तुमच्या भिंतीवर त्या जाळ्याचं चित्र होतं. बाबा त्याच्यासमोरून हलेनात. "ही आपली डोल जाळीच की! येईल तेवढं घ्यायचं, मागे धावायचं नाही." पुढे पर्ससीनवाल्यांचा, म्हणजे थव्याला जाळ्याने वेढा घालून मासळी उपसणाऱ्यांचा, जो उद्धार झाला, तो मैत्रिणीने जपानीत नाही केला तरी चालेल.

कच्चं चालत नाही, हे मी फोनवर टाइप करून दाखवलं तेव्हा पोटात गोळाच आला होता. आता इथूनही उठायचं. तुम्ही वाचलंत, मान डोलावलीत आणि सांगितलंत की हे माकूल आम्हीसुद्धा असं तसं कच्चं तोंडात टाकत नाही. त्याच्या आतड्यात जंत असतात, म्हणून आतडी काढायची, नाहीतर कडक गोठवायचं, नाहीतर सरळ उकडायचं. टूरवाल्यांच्या त्या गाइडला हे कुणीतरी ऐकवा.

मग उकडलेल्या माकुलांचा वाडगा आला. टम्म फुगलेली, जांभळट, सोबत मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा, आणि व्हिनेगरची आंबटगोड चटणी. बाबांनी पहिलं तोंडात टाकलं आणि चावता चावता थांबले. त्याचा डोळा कडक मण्यासारखा असतो, तो कवळीखाली आला. बाबा काही बोलले नाहीत, पाण्याचा घोट घेतला. मला वाटलं, आवडलं नाही. तुम्हाला मात्र बरोबर कळलं. चिमटा घेऊन आलात, स्टूल ओढलंत, वाडगा आपल्यापुढे घेतलात. दोन डोळे काढायचे, मग पायांच्या मधली चोच, मग पाठीतून तो पारदर्शक काटा अलगद ओढायचा. एकेक करत सगळा वाडगा साफ केलात. पलीकडे एक गिऱ्हाईक रिकामा ग्लास घेऊन ताटकळत होतं, त्याला तुम्ही थांबायला लावलंत. "त्रास होतोय का" असं विचारून बाबांना ओशाळं केलं नाहीत. आई गेल्यापासून बाबांच्या ताटातला काटा कुणी काढला नव्हता.

त्यानंतर बाबा जे जेवले! पांढऱ्या कोळंबीची, तुमच्या शिरोएबीची, कुरकुरीत भजी दोनदा मागवली. माझ्यासाठी आणलेलं कोंबूत, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पट्ट्यांत, दाबून मुरवलेलं कच्चं मार्लिन तुम्ही मुद्दाम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलंत, काड्याही वेगळ्या. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचं कोंबू जुन्या काळी गलबतांतून तुमच्याकडे यायचं, त्यातून ही रीत पडली म्हणे. मासा मऊ, पण चिकट, आणि समुद्राची चव दुप्पट. बाबांनी नुसता लांबून वास घेतला.

बाबांनी बुरी मासा मागितला तेव्हा तुम्ही चक्क नाही म्हणालात. बुरी थंडीतला, समुद्रावर ढग गडगडायला लागले की तुमच्याच उपसागरातल्या हिमी बंदराच्या जाळ्यांत येणारा. आत्ताचा खाऊ नका म्हणालात. फ्रीजरमधला एखादा तुकडा तळून माथी मारता आला असता, आम्हाला काय कळणार होतं? बाबांना कळलं असतं म्हणा. बंदरावर ज्यांनी कधी शिळा माल ताजा म्हणून पुकारला नाही, त्यांना असा नकार देणारं माणूस लगेच ओळखू येतं. बाहेर पडल्यावर म्हणाले, "बाई सचोटीची आहे."

बारीक अक्षरांत "ग्राहकांची विशेष काळजी" छापणाऱ्यांनी एकदा तुमच्याकडे येऊन नुसतं बसावं. पैसे देताना मी वरचे राहू द्या म्हटलं, तर तुम्ही नाणी मोजून तळहातावर ठेवलीत आणि दारापर्यंत सोडायला आलात.

बाबा सुखरूप हर्णैला पोचले, तब्येत छान आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली तर जानेवारीत परत येतो म्हणतायत. तेव्हा बुरी लागेल, पूर्ण शिजवलेला, मुळा घालून. काटे बाबा स्वतः काढतील. तो मासा हातात घेऊन भाव मात्र नक्की विचारतील, तेवढा खरा सांगू नका.

तुमची,
हर्णैच्या बाबांची मुलगी