डॅशकॅमचे कार्ड आधी बाहेर काढा

संपादक महोदय,

अपघात झाला की डॅशकॅमची, म्हणजे गाडीच्या काचेमागे बसवलेल्या कॅमेऱ्याची, क्लिप आधी व्हॉट्सॲपवर फिरते आणि मग पोलीस ठाण्यात पोचते. हा क्रम गाडीवाल्याला कोर्टात महाग पडतो.

खासगी गाडीत डॅशकॅम लावायला मोटार वाहन कायद्याची आडकाठी नाही, परवानाही लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ मध्ये ‘डॅशबोर्ड कॅमेरा’ आहे, पण तो सरकारी यंत्रणेचा, ई-चलानसाठीचा.

पेच आहे तो पुराव्याचा. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातील कलम ६५-ब ची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली. पेनड्राइव्हवर नक्कल दिली तर सोबत प्रमाणपत्र हवे. त्याचा भाग ‘अ’ देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅश लिहायचा. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा, फाइल जराही बदलली की तो बदलतो. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करते, तिथेच तो बदलतो. जालन्याच्या निवडणूक याचिकेत, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या कलमाखाली सांगितले होते की, मूळ उपकरणच हजर करून मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून कॅमेऱ्यातले मूळ मेमरी कार्ड जपायचे.

अपघातानंतर गाडी सुरक्षित उभी केली की आधी कॅमेऱ्याची वायर काढावी. लूप रेकॉर्डिंगमध्ये एक ते पाच मिनिटांच्या फाइल बनतात आणि कार्ड भरले की सर्वांत जुनी पुसली जाते. धक्का बसला की तो ओळखणारा जी-सेन्सर फाइल लॉक करतो, म्हणजे ती पुसली जात नाही, पण स्कूटर घासून गेली तर त्याला पत्ताही लागत नाही. तो फार संवेदनशील ठेवला तर प्रत्येक खड्ड्याला एक फाइल लॉक होते (आपले रस्ते पाहता हे दिवसभर चालते!). मग काही कॅमेऱ्यांत लॉक फाइलींनीच कार्ड भरते आणि नव्या रेकॉर्डिंगला जागा उरत नाही. महिन्यातून एकदा घड्याळही तपासावे. काचेमागच्या उन्हात आतली छोटी बॅटरी मरते, तारीख मूळपदावर जाते आणि उलटतपासणीत वकील तिथेच बोट ठेवतो.

जीपीएस असेल तर आपला वेगही पडद्यावर उमटतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस फुटेज मागू शकतात. वेग दिसतो तेवढाच भाग पुसून टाकला तर पुरावा नष्ट केल्याचे नवे प्रकरण मागे लागेल.

पोलिसांकडूनही एक अपेक्षा आहे. कार्ड ताब्यात घेताना पंचनाम्यात त्याची कंपनी, क्षमता, फाइलचे नाव आणि हॅश लिहावा, आणि पोच द्यावी. ‘एक काळे मेमरी कार्ड’ एवढ्या नोंदीवरून पुढे दोन वर्षांनी कोणते कार्ड कोणाचे, हे कोणालाच सांगता येत नाही.

– एक वाचक, पुणे