चुकलेलं उत्तर पण कुणीतरी वाचा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

पत्र थोडं लांबणार आहे, पण जमलं तर न कापता छापा ही विनंती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं, आधी पेठ तालुक्यात आणि नंतर दिंडोरीत, आता रिटायर होऊन म्हसरूळला राहते. परीक्षा हव्यात की नकोत असा वाद सुरू झाला की दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात, पण पोराने पेपरात नेमकं लिहिलं काय हे कुणी बघतच नाही, आणि मला त्याबद्दलच बोलायचंय.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता, 19 पोरं. पॅट चाचणी आली, म्हणजे ती नियतकालिक मूल्यांकनाची, वर्षात तीनदा असते, एक पायाभूत आणि दोन संकलित, पूर्ण राज्यात एकच पेपर. त्यात हातच्याची वजाबाकी होती, नेमके आकडे सोडा, 43 वजा 17 धरा. सात पोरांचं उत्तर 34. सातही जणांचं तेच. मी नियमाप्रमाणे शून्य दिलं, मोबाइलवर आकडे भरले आणि घरी आले, पण डोक्यात ते 34 राहिलंच, कारण सात जण एकमेकांपासून लांब बसलेले होते, कॉपी असणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाला जवळ घेऊन विचारलं, बाळा कसं केलंस रे हे? तो म्हणाला, मॅडम तीनातून सात जात नाहीत ना, मग सातातून तीन काढले, तुम्हीच सांगितलंय मोठ्यातून लहान काढायचं.

खरं होतं. दुसरीत मीच सांगितलं होतं. मोठ्यातून लहान वजा करा, हे वाक्य मी किती वर्षं म्हणत आले होते देव जाणे. पोरांनी माझं वाक्य तंतोतंत पाळलं आणि शून्य त्यांच्या नावावर पडलं. मग दोन दिवस मी दुसरं काही घेतलं नाही, काड्यांचे दहा दहाचे गठ्ठे बांधले, गठ्ठा सोडायचा, सुट्या करायच्या, मग काढायच्या. तिसऱ्या दिवशी सातही जणांना वजाबाकी यायला लागली. पण रेकॉर्डला काय राहिलं? शून्यच. कारण तोपर्यंत भरायची मुदत संपलेली होती.

म्हणून माझं म्हणणं असं की एकसारख्या पेपराला माझा विरोध नाही, उलट त्या पेपरामुळेच मला माझी चूक कळली, माझ्या हातचा पेपर असता तर मी कदाचित तसली वजाबाकी घातलीच नसती. पण कळली ती मार्कांवरून नाही, चुकलेल्या उत्तरावरून कळली. आणि आपण नेमकं तेच फेकून देतो. पेपर तपासले की गठ्ठा बांधून कपाटात, आणि वर जातो फक्त आकडा, मग त्या आकड्यावरून शाळेची तुलना, केंद्राची म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची तुलना, ग्रुपवर लाल हिरव्या रंगाचे तक्ते. लाल रंगात आलेल्या शाळेच्या मास्तरला मीटिंगमध्ये उभं केलं की पुढच्या वेळी तो काय करेल हे सांगायची गरज नाही, पोरांना हळूच उत्तरं सांगितली जातात. ज्यांना सांगितली नाहीत ते अजून लाल होतात.

ऑप्शनवाल्या परीक्षेत तर हे अजून अवघड होतं. तिथे 34 हा ऑप्शन मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे पेपर काढणाऱ्याला माहीत असतं की पोरं इथेच चुकतात, पण गोल केला की मशीन सांगणार चूक, बस. आणि ज्याला काहीच येत नाही त्याने डोळे मिटून गोल केले तरी चारात एक लागतोच. एमएचटी सीईटीचंच बघा, इंजिनिअरिंगच्या ग्रुपला 200 मार्क, चार ऑप्शन, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे प्रश्न न वाचता भरला तरी सरासरी 50 च्या आसपास मार्क पडतात. वर पुन्हा पर्सेंटाइल. आमच्या शेजारच्या ताई मुलाला 82 पर्सेंटाइल आले म्हणून 82 टक्के सांगत होत्या सगळ्यांना, त्यांना मी समजावलं की ताई, 100 पोरांतले साधारण 82 त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत एवढाच त्याचा अर्थ, त्याला किती येतं ते यात लिहिलेलंच नाही. कॉलेज रोडला निकालानंतर फोटोंचे मोठमोठे बोर्ड लागतात त्यावर हे कुणी सांगत नाही.

अजून एक प्रसंग सांगते. एका खासगी प्रज्ञाशोध परीक्षेचा पेपर होता, नाव लिहीत नाही. गटात न बसणारा शब्द ओळखा, द्राक्ष, कांदा, टोमॅटो, मिरची. माझ्या वर्गातल्या मुलीने कांद्यावर गोल केला. उत्तर होतं द्राक्ष, कारण बाकीचं भाजीत जातं. तिला विचारलं तर म्हणाली, मॅडम कांदा खाली लागतो, बाकीचे तिन्ही वर लागतात. आता सांगा, तिचं चूक कसं? तिच्या आईबापांनी ही चारही पिकं दुसऱ्याच्या शेतात हाताळली आहेत, ती पोरगी पेपर काढणाऱ्यापेक्षा जास्त ओळखते त्यांना. बुद्धिमत्ता तपासायचा प्रश्न होता आणि जिने बुद्धी वापरली तिचाच मार्क गेला.

हे फक्त लहान परीक्षांत होतं असं कुणी समजू नये. 2024 च्या नीटमध्ये फिजिक्सच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर धरली होती, एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात वेगळं लिहिलेलं म्हणून. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत मागवलं, त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं. आधी 720 पैकी 720 वाले 67 जण होते, शेवटच्या यादीत 17 राहिले, आधीच्या 67 मधले 44 जण या एकाच प्रश्नापायी खाली आले. दुसरा ऑप्शन निवडलेल्या लाखो पोरांचे पाच पाच मार्क गेले, बरोबरचे चार आणि वरून वजा एक, आणि नीटमध्ये पाच मार्क म्हणजे रँक हजारोंनी मागे. पण निदान तिथे कोर्टापर्यंत जाणारं कुणीतरी होतं. आपल्या स्कॉलरशिप परीक्षेलाही उत्तरसूची लावतात आणि आक्षेप घ्यायला मुदत देतात, चांगली गोष्ट आहे, पण सुरगाण्याच्या पाड्यावरचा बाप ऑनलाइन आक्षेप कधी नोंदवणार? त्याच्या पोराच्या वतीने शिक्षकानेच बसायला पाहिजे, आणि त्यासाठी शिक्षकाच्या हातात वेळ पाहिजे.

आमच्या भागातली पोरं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात, शाळेत मराठी पहिल्यांदा धडपणे ऐकतात, आणि गणित येत असूनही वाचनात अडकतात. एका सराव पेपरात मेट्रोच्या तिकिटांचं गणित होतं, अर्धा वर्ग मेट्रो म्हणजे काय यावरच थांबला. तेच गणित मी टोमॅटोच्या क्रेटवर घातलं, 20 किलोचं एक क्रेट, तर तोंडी फटाफट सांगितलं. शिवाय पेठ सुरगाण्याची किती कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे द्राक्षाच्या कामाला दिंडोरी निफाडकडे उतरतात, पोरं बरोबर असतात, चाचणीच्या दिवशी ती ना या शाळेत ना त्या शाळेत. सरासरी काढताना ती मोजलीच जात नाहीत. मला याचा फार त्रास होतो, कारण सगळ्यात जास्त गरज त्यांनाच आहे.

असर म्हणजे प्रथम संस्थेचं गावोगावी होणारं शिक्षणाचं सर्वेक्षण, त्या असर वाल्यांची पद्धत मला म्हणून आवडते, ते घरी जातात, पोराला समोर बसवून एक एक मजकूर वाचायला देतात, कुठे अडखळलं ते कानाने ऐकू येतं. पोराचा नंबर लावत नाहीत. आपल्या दुसरी तिसरीला चाचणी अशी तोंडी घ्यायला काय हरकत आहे, आणि पोराने घरच्या बोलीत उत्तर दिलं तरी ते धरावं.

शिक्षण खात्यातलं कुणी वाचत असेल तर एकच मागणं आहे. मार्क भरायची घाई करू नका, चाचणी झाली की पुढचे दोन दिवस वेळापत्रकात कोरे ठेवा, पेपर पोरांच्या हातात परत द्या, शिक्षकाला त्यांच्याशेजारी बसून कसं केलंस असं विचारू द्या, आणि नंतर पोराला जमायला लागलं की तोही मार्क भरायला जागा ठेवा. माझ्या त्या सात पोरांना दोनच दिवस लागले होते.

एक निवृत्त शिक्षिका,
म्हसरूळ, नाशिक